उजव्या अंगठ्याची साक्ष

हात ताठ धरू नका. पंजा सैल सोडा, नाहीतर ठसा फिसकटेल. टेबलावर पत्र्याची पाटी आहे आणि तिच्यावर छापखान्याची काळी शाई रुळाने इतकी पातळ पसरली आहे की खालचा पत्रा अंधूक दिसतो. समोरचा कारकून तुमचा उजवा अंगठा पकडतो, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शाईवर फिरवतो आणि तसाच कागदावर उतरवतो. मग तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. नंतर डावा हात. दहा चौकोन भरले की तो दोन्ही हातांची बोटं न फिरवता एकदाच टेकवून घेतो. घाईत बोटांचा क्रम चुकला असेल तर तो या साध्या ठशांवरून पकडता येतो.

तुम्ही कलकत्त्यात आहात. साल १८९७, महिना ऑगस्ट. खिडकीबाहेर लालदिघीच्या पाण्यावर पाऊस पडतोय, रस्त्यावरून घोड्यांची ट्राम चालली आहे. ही रायटर्स बिल्डिंग, बंगाल सरकारचं सचिवालय. ठशांच्या आधारे गुन्हेगारांच्या नोंदी ठेवायला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने मान्यता दिली ती १२ जूनला, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांपूर्वी. त्याच दिवशी संध्याकाळी आसामचा मोठा भूकंप झाला आणि कलकत्त्यातल्या इमारतींनाही तडे गेले. शहरात लोक अजून त्याबद्दलच बोलताहेत. या खोलीत जे सुरू झालंय त्याची चर्चा बाहेर कुणी करत नाही.

ठसे घेणं सोपं आहे. अवघड आहे ते शोधणं. समजा, उद्या बर्दवानला एक माणूस चोरीत सापडला. तो नाव सांगेल ते खोटं, गाव सांगेल ते खोटं. त्याने आधी सजा भोगली आहे का, हे कळायचं तर त्याच्या दहा बोटांची चिठ्ठी हजारो चिठ्ठ्यांशी ताडून बघावी लागेल. एकेक करून बघत बसलं तर आठवडे जातील. नावावरून चिठ्ठ्या लावल्या तर उपयोग नाही, कारण नावच खोटं आहे. चिठ्ठी लावायची ती ठशांवरूनच, आणि अशी की कुणीही कारकून पाच मिनिटांत त्या खणापाशी पोचला पाहिजे.

तुमची चिठ्ठी आता तुम्हीच लावून बघा. लहानपणी आजीने तुमच्या बोटांवरची चक्रं आणि शंख मोजले असतील, त्यावरून भाग्यही सांगितलं असेल. इथेही तेच मोजायचं, पण भाग्यासाठी नाही. रेषा मध्याभोवती गोल फिरत असतील तर चक्र. एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला परतत असतील तर शंख. नुसत्या उंचावून पलीकडे जात असतील तर कमान. आता दहा बोटांच्या पाच जोड्या करा. उजवा अंगठा आणि तर्जनी ही पहिली. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका दुसरी. उजवी करंगळी आणि डावा अंगठा तिसरी. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट चौथी, अनामिका आणि करंगळी पाचवी. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर त्याचे १६, दुसऱ्या जोडीत ८, तिसऱ्या जोडीत ४, मग २, मग १. चक्र नसेल तर शून्य. जोडीतल्या पहिल्या बोटाचा आकडा अपूर्णांकात खाली मांडायचा, दुसऱ्याचा वर. सगळी बेरीज झाली की वर एक आणि खाली एक मिळवायचा.

तुमच्या उजव्या अंगठ्यावर, उजव्या अनामिकेवर आणि डाव्या तर्जनीवर चक्र आहे असं धरू. वर ८ अधिक १, म्हणजे ९. खाली १६ अधिक २ अधिक १, म्हणजे १९. तुमची चिठ्ठी ९ छेद १९ च्या खणात जाईल. एकही चक्र नसलेल्या माणसाची १ छेद १ मध्ये, दहाही बोटांवर चक्र असलेल्याची ३२ छेद ३२ मध्ये. वर बत्तीस शक्यता, खाली बत्तीस, एकूण १०२४ खण. कारकुनाला तुमचं नाव माहीत असायची गरजच उरत नाही.

हे गणित ज्याने मांडलं तो या कचेरीतला पंचवीस वर्षांचा सबइन्स्पेक्टर आहे, अझिझुल हक. खुलना भागातला मुलगा, प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकलेला. पोलीस खात्याला आकड्यांत हुशार माणूस हवा होता आणि कॉलेजने त्याचं नाव सुचवलं. त्याच्याबरोबर हेमचंद्र बोस आहे. एका खणात फार चिठ्ठ्या साठल्या तर त्यांची पुढची विभागणी कशी करायची आणि ठशाचं वर्णन तारेने दुसऱ्या शहराला कसं कळवायचं, हे त्याचं काम. पद्धत जगभर गेली ती मात्र त्यांच्या साहेबाच्या नावाने. एडवर्ड हेन्री हे बंगालचे पोलीस महानिरीक्षक, कल्पक आणि चिकाटीचे. त्यांनी पाठबळ दिलं नसतं तर हे काम उभं राहिलं नसतं, हे खरंच. तरीही 'हेन्री पद्धत' म्हणताना त्या १०२४ खणांमागचं डोकं कुणाचं होतं ते सांगायला हवं. पुढे हकना खानबहादूर आणि बोसना रायबहादूर किताब मिळाले, आणि हकचा वाटा मोठा होता हे हेन्रींनी स्वतः उतारवयात लेखी मान्य केलं.

क्षणभर आणखी मागे चला. जुलै १८५८, जंगीपूर, भागीरथीचा काठ. उठाव नुकताच दडपला गेलाय, सरकारी अंमलदार आणि रयत यांच्यात विश्वास नावाला उरलेला नाही. विल्यम हर्शल नावाचा तरुण अधिकारी रस्त्याच्या खडीचा करार करतोय आणि ठेकेदार आहे राज्यधर कोनाई. सही नंतर नाकारली जाते हे हर्शलला ठाऊक आहे, म्हणून तो कोनाईचा अख्खा पंजा शिक्क्याच्या शाईत माखून कागदावर उमटवतो. हेतू ठेकेदाराला धाक बसावा इतकाच. पण पुढची कित्येक वर्षं तो स्वतःचे आणि ओळखीच्यांचे ठसे घेत राहतो आणि त्याच्या लक्षात येतं की वय वाढलं तरी रेषा बदलत नाहीत. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना पेन्शन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी तो ठसे लावून बघतो. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांवर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहिलेलं असतं, त्या अंगठ्याची गोष्ट एका अर्थी या नदीकाठावरून सुरू होते.

परत ऑगस्ट १८९७. सियालदहहून गाडीत बसा. पद्मेवर अजून पूल नाही. दामुकदियाला उतरून बोटीने पलीकडे सारा घाटावर जायचं आणि तिथून छोट्या मापाच्या रुळांवरून उत्तरेला. जलपैगुडी जिल्हा, भूतानच्या सरहद्दीजवळचा चहाचा मळा. मळ्याचा व्यवस्थापक आपल्या बंगल्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला आहे. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उचकटलेली, काही शे रुपये गायब.

इथे थोडं थांबा आणि लोक काय म्हणतात ते ऐका, कारण तपास नेहमी इथूनच सुरू होतो. व्यवस्थापक कडक होता, म्हणून मजुरांवर संशय. त्याच्या स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग आहेत. स्वयंपाकी म्हणतो, कबुतर कापलं होतं. एका बाईशी व्यवस्थापकाचे संबंध होते, तिच्या नातेवाइकांवर संशय. जवळपास काबुली लोकांची फिरती टोळी उतरली होती, तिच्यावरही. आणि एक जुना नोकर होता, ज्याला व्यवस्थापकानेच चोरीबद्दल तुरुंगात धाडलं होतं. प्रत्येकावर बोट ठेवायला कारण आहे. त्या काळच्या ठाण्यात यांपैकी जो सर्वांत गरीब आणि एकटा, त्याच्याकडून कबुली काढणं कठीण नव्हतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरायचा नाही असं १८७२ चा कायदा सांगत होता, ते उगाच नाही.

याच वर्षी तिकडे पुण्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने वीस हजारांचं इनाम लावलं आणि तपास लागला तो द्रविड बंधूंच्या फितुरीतून. शतकानुशतकं तपास म्हणजे हेच होतं: कुणीतरी बोलायचं, पैशासाठी, भीतीने किंवा सूडाने. जलपैगुडीच्या बंगल्यात आता असं काही पुढे येतंय की ज्याला पैसा, भीती आणि सूड लागू पडत नाहीत.

उचकटलेल्या पेटीतल्या कागदांत एक बंगाली पंचांग आहे, फिकट निळ्या कागदाच्या वेष्टनाचं. वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग. तुम्ही सहज बघाल तर चहाचे म्हणून सोडून द्याल. भिंग धरा. एका डागात रेषा आहेत, ओळीने वळणाऱ्या. उजव्या अंगठ्याच्या.

आता पंचांग हातात घेऊ नका. चिमट्याने धरून, कागदात गुंडाळून, पेटीत घालून मोहोर लावून ते कलकत्त्याला जायला हवं. न्यायसहायक विज्ञानाचं निम्मं यश वस्तू हलवताना ठरतं, आणि आजही मुंबईच्या कलिना प्रयोगशाळेत मुद्देमाल आला की आधी मोहोर शाबूत आहे का ते पाहतात. एक पेचही आहे. डाग रक्ताचा आहे का हे ठरवायचं तर तो थोडा खरवडावा लागतो, आणि खरवडला तर रेषा जातात. म्हणून आधी फोटो, आधी ठसा, मग रसायन. आज डीएनएसाठी कापसाचा बोळा फिरवणारा विश्लेषकही हाच क्रम पाळतो. क्रम चुकला तर पुरावा परत मिळत नाही. दुसऱ्यांदा करून बघण्याची सोय या शास्त्रात फार थोड्या ठिकाणी आहे.

कलकत्त्यात केमिकल एक्झामिनरच्या टेबलापाशी या. अशा डागावर त्या काळात काय करतात ते बघा. ग्वायकम नावाच्या झाडाच्या डिंकाचा अर्क आणि पेरॉक्साइड टाकतात. निळा रंग आला तर रक्त असण्याची शक्यता. शक्यताच, कारण आणखीही काही पदार्थ तो रंग देतात. मग डागाचा अर्क वर्णपटात धरून रक्ताच्या ठरावीक काळ्या पट्ट्या दिसतात का ते बघायचं. मग सूक्ष्मदर्शक. पक्षी, मासे, साप यांच्या रक्तपेशी लंबगोल असतात आणि आत केंद्रक असतं. माणूस, बकरी, गाय यांच्या गोल, केंद्रकाशिवाय. कबुतराचं रक्त इथेच वेगळं पडतं. पण गोल पेशी दिसल्या म्हणून माणसाचं रक्त, असं नाही म्हणता येत. माणूस आणि जनावर यांच्या रक्तातला भेद ओळखणारी चाचणी जर्मनीत उलेनहूट १९०१ मध्ये शोधेल. लँडस्टायनरचे रक्तगटही त्याच साली प्रसिद्ध होतील.

म्हणून दाखल्यावर लिहिलं जातं: सस्तन प्राण्याचं रक्त. त्यापुढे एक शब्द नाही. मला हा दाखला लिहिणारा माणूस फार मोठा वाटतो. खून झालाय, सगळा जिल्हा हवालदिल आहे, वरून दबाव असणार, आणि 'मृताचं रक्त' एवढे दोन शब्द लिहिले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. त्याने जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं. न्यायसहायक वैज्ञानिक काय करतो, असं कुणी विचारलं तर मी हा दाखला दाखवीन.

पलीकडच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा आधी सजा झालेल्यांच्या नोंदींशी ताडला जातो. तो जुळतो. उजवा अंगठा कांगाली चरणचा, त्याच जुन्या नोकराचा. त्याला चोरीची सजा झाली तेव्हा त्याचे ठसे घेऊन ठेवले होते. पोलीस त्याला जलपैगुडीत शोधत नाहीत. तो सापडतो बीरभूम जिल्ह्यात, शेकडो मैल दूर. त्याला कलकत्त्याला आणून अंगठा पुन्हा शाईवर फिरवतात. पंचांगावरचा ठसा, जुना ठसा आणि नवा ठसा शेजारी शेजारी ठेवून बघा. रेषा कुठे दुभंगते, कुठे अर्ध्यात थांबते, कुठे बेटासारखी सुटी पडते. ही बारीक स्थळं तिन्ही ठशांत त्याच जागी, त्याच अंतरावर.

मे १८९८. जलपैगुडीचं न्यायालय. उकाडा, पंखा ओढणारा मुलगा, आणि न्यायाधीशाबरोबर बसलेले असेसर. हे स्थानिक प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांनी मत द्यायचं. आरोप दोन, खून आणि चोरी. तुम्ही त्यांच्या जागी बसा आणि हातात काय आहे ते मोजा. ठशांचा जाणकार सांगतो, हा अंगठा याचा. रसायनतज्ज्ञ सांगतो, हे सस्तन प्राण्याचं रक्त. दोन्ही एकत्र ठेवले तर ज्याचा अंगठा रक्ताने ओला होता तो माणूस त्या पेटीत हात घालत होता. इथपर्यंत शास्त्र तुमच्याबरोबर येतं. गळा कुणी चिरला, हे पंचांग सांगत नाही. तो एकटा होता की आणखी कुणी होतं, तो आला तेव्हा व्यवस्थापक जिवंत होता की नव्हता, हेही नाही.

असेसरांनी मत दिलं की चोरी निःसंशय शाबीत झाली आहे, पण कुणीही खून होताना पाहिला नसल्यामुळे खुनाची शिक्षा देणं धोक्याचं. कांगाली चरणला चोरीची सजा झाली, खुनाच्या आरोपातून तो सुटला. अपिलातही तो निर्णय टिकला. ठशांवर दोषी ठरवणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक.

असेसरांनी नव्या शास्त्राला बिचकून हात आखडता घेतला असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावर खून शाबीत होऊ शकतो, आजची न्यायालयं तो करतातही. पण त्यासाठी साखळीतली प्रत्येक कडी लागते आणि इथे मधल्या कड्या नव्हत्या. ठसा जेवढं बोलला तेवढं त्यांनी ऐकलं. त्यात स्वतःची भर घातली नाही.

ही काटेकोर शिस्त सगळीकडे टिकली नाही, आणि ते सांगितल्याशिवाय कलकत्त्यातून निघता येत नाही. काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधीच होता. १९११ च्या दुरुस्त कायद्याने नोंदल्या गेलेल्या माणसांचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा घडला, मागे खूण उरली, खुणेवरून माणूस शोधला, हा जलपैगुडीचा क्रम. अशा जमातींसाठीच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्यांच्या बाबतीत तो उलटा झाला: माणूस आधी ठरला, ठसा नंतर घेतला आणि गुन्हा केव्हातरी होईल म्हणून वाट बघितली. पत्र्याची पाटी तीच आणि शाईही तीच. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण कित्येक कुटुंबांच्या अंगावरचा संशय अजून पुरता उतरलेला नाही.

१८९९ साली पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमात बोटांच्या ठशांची भर पडली. त्या कलमाने तज्ज्ञाचं म्हणणं 'मत' म्हणून ग्राह्य धरलं, आणि सव्वाशे वर्षांनी आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ते मतच आहे. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या नव्या कायद्यांत, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायला हवं, अशी तरतूद आहे. ही चांगली गोष्ट आहे. तिथे जाणाऱ्याने काय टिपायचं हे त्या तपकिरी डागांपाशी कळतं. काय लिहायचं नाही, हे केमिकल एक्झामिनरच्या दाखल्यावरून.

१९०० साली हेन्रींचं पुस्तक लंडनला निघालं. त्यात जलपैगुडीचा खटला सविस्तर आहे, खुनाचा आरोप शाबीत झाला नाही या तपशिलासकट. पुढच्याच वर्षी स्कॉटलंड यार्डाने कलकत्त्याची पद्धत उचलली.

एक शेवटचा मुक्काम. मे १९०५, लंडन, ओल्ड बेली. डेप्टफर्डच्या रंगाच्या दुकानातलं म्हातारं जोडपं मारलं गेलंय आणि त्यांच्या पैशाच्या पेटीवर एक ठसा सापडलाय, आरोपी असलेल्या दोन भावांपैकी एकाच्या उजव्या अंगठ्याचा. सरकारी बाजूकडे हेन्रींनी शिकवलेली माणसं आहेत. बचावाच्या मदतीला हेन्री फॉल्ड्स आले आहेत. गुन्हेगार ठशांवरून ओळखता येतील हे १८८० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिणारा हाच डॉक्टर. त्याचं म्हणणं, एका बोटाच्या जुळणीवर माणसाला फासावर चढवण्याइतकी खात्री अजून कुणीच करून घेतलेली नाही. न्यायमूर्ती चॅनेल ज्यूरीला सांगतात की नुसत्या ठशावर विसंबू नका, बाकीचे साक्षीदारही तोला. त्या सकाळी दोन माणसांना दुकानातून बाहेर पडताना पाहणारे लोक आहेत. ज्यूरी आत जाते, सुमारे दोन तासांनी बाहेर येते आणि दोघांनाही दोषी ठरवते.